काडीमोडाची बैठक

आमच्या घरात कोर्टाची पायरी कोणी चढलेलं नाही. धनाजीराव चढले, पण ते चुलत. त्यांना मी घरात धरत नाही.

माझा समरजित आणि त्याची बायको शलाका का वेगळे झाले, ते मी सांगणार नाही. एक तर ते मला कळलेलं नाही, आणि कळलं असतं तरी सांगितलं नसतं. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत मात्र सगळ्यांना कळलेलं आहे. हौस असेल त्याने तिथे विचारावं, मजल्यागणिक नवीन कारण मिळेल. मला ठाऊक आहे ते एवढंच, की वर्षापूर्वी शलाका तिच्या आईकडे मांडवीला राहायला गेली. ताट आपटलं नाही, दार आपटलं नाही. आमच्या वेळी भांडणाला निदान आवाज असायचा. हे दोघं एकमेकांना "ओके, थँक्यू" म्हणत वेगळे झाले.

ईशानीला, म्हणजे माझ्या तिसरीतल्या नातीला, ती बरोबर घेऊन गेली. पण शाळा इथे, माझ्या गॅलरीतून दिसते अशी. म्हणून शाळा सुटली की ईशानी माझ्याकडे येते, जेवते, हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, लोळून अभ्यासाचं नाटक करते, आणि संध्याकाळी शलाका ऑफिसातून येऊन तिला स्कूटरवर घेऊन जाते. शलाका वर येत नाही, खालून हॉर्न देते. मी गॅलरीतून पिशवीला दोरी बांधून उरलेली भाजी खाली सोडते. ती मान वर करून "आई, नको हो" म्हणते आणि पिशवी सोडवून घेते. असं वर्ष गेलं, आणि खरं सांगायचं तर बरं गेलं.

मग एका रविवारी समरजितने जेवताना सांगितलं, की आता दोघांनी कायद्याने मोकळं व्हायचं ठरवलंय.

मी विचारलं, "ईशानीच्या दुपारच्या जेवणाचं काय?"

"आई, तुला आत्ता जेवणाचं पडलंय?"

"मग कशाचं पडावं? तुमचं मोडलंच. जे चालू आहे त्याकडे कोणी बघायचं?"

आमचे हे, भास्करराव, तोपर्यंत उठून जिन्याशी जाऊन उभे राहिले होते. यांनी नंदेसरीला कारखान्यात आयुष्य काढलं, सेफ्टी खात्यात. तिथे काही भडकलं की सगळं टाकून ठरलेल्या मोकळ्या जागी जाऊन उभं राहायचं, हा नियम. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण घरात आवाज चढला की हे अजून मोकळ्या जागी जाऊन उभे राहतात. शांत झाल्यावर मी हाक मारते, मग परत येऊन ताकभात खातात.

त्या दिवशी मी दोन गोष्टी ठरवल्या. ईशानीला समोर उभं करून कुठल्याही साहेबाने "तुला आई हवी का बाबा" असं विचारायचं नाही. आणि तिचं दुपारचं पान माझ्याकडेच वाढलं जाणार. बाकी त्या दोघांनी फ्रिज, टीव्ही, सोफा, काय वाटून घ्यायचं ते घ्यावं. सोफा शलाकाने नेला तर उपकारच होतील, त्यावर एकदा बसलं की दुसऱ्याने ओढल्याशिवाय उठता येत नाही.

बातमी फुटल्यावर सल्ले यायला लागले. सर्वांत आधी समोरच्या प्रज्ञाबेन आल्या. "कौशल्याबेन, छूटाछेडा तो न थवा देवाय," म्हणाल्या, म्हणजे काडीमोड होऊच द्यायचा नाही, आणि माझ्या वतीने त्यांनीच नवसाची बाधा घेतली, की समरजित-शलाका एकत्र येईपर्यंत त्या सेवउसळ खाणार नाहीत. मला न विचारता. आता ती बाई रोज खालच्या सेवउसळीच्या लारीकडे बघून उसासा टाकते आणि मग माझ्याकडे बघते, जणू तिची सेवउसळ मीच पळवली.

मग धनाजीराव आले. हे यांचे थोरले चुलतभाऊ. कोट घालून आले, म्हणजे सल्ला मोठा असणार. त्यांची सख्ख्या भावाशी घराच्या वाटणीची केस इतकी जुनी आहे, की ज्या भिंतीवरून भांडण होतं ती भिंत पडून गेली, केस उभी आहे. ते म्हणाले, माझा वकील सांगतो, आधी आपण पोरीच्या ताब्याचा दावा ठोकायचा, मग ते लोक धावत येतील. मी विचारलं, धावत येऊन करतील काय? तर म्हणाले, ते उलट दावा ठोकतील. मग आपण वरच्या कोर्टात जायचं. मी त्यांना चहा दिला आणि दुसरा विचारला नाही.

शेवटी खालच्या मजल्यावरचे विश्वासराव. हे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि जुने कोर्टातले नोकर, त्यामुळे गच्चीची चावी मागितली तरी पुढची तारीख देतात. पण ते म्हणाले, "वहिनी, माझी भाची अवंती आहे. वकील आहे, पण ती भांडायला कोर्टात जात नाही. घरातली भांडणं टेबलावर मिटवते."

मी म्हटलं, चुलीजवळ न जाणारी आचारीण ती कसली? तरी अलकापुरीत तिच्या ऑफिसात जाऊन आले. मुलगी बारीक, चष्म्याची, केस कापलेले, पण नजर सरळ. तिने मला बसवून सांगितलं की त्यांच्या कामाची रीत अशी: नवऱ्याचा एक वकील, बायकोचा एक वकील, आणि चौघं एका टेबलाशी. काही लपवायचं नाही, धमकी द्यायची नाही, मुलीला मध्ये ओढायचं नाही. आणि पहिल्याच दिवशी चौघांनी सही करायची, की यातून कोणी उठून भांडायला कोर्टात गेलं, तर दोन्ही वकिलांनी काम सोडून द्यायचं. पुढचं भांडण दुसऱ्या वकिलांकडे.

मी परत परत विचारून खात्री करून घेतली. म्हणजे भांडण वाढलं तर वकिलाचं काम जातं? हो म्हणाली. माझा देवावरचा विश्वास होताच, त्या दिवशी वकिलांवरही बसला. मी चौथीपर्यंत शिकले, पण माणसाला कुठे धरलं की तो नीट वागतो एवढं कळायला चौथी फार झाली.

मुलं तयार झाली. शलाकाने तिच्याकडून इंद्रनील नावाचा वकील घेतला, तोही याच रीतीचा. बैठकीचा दिवस ठरला, आणि मी तयारीला लागले.

इथे मला विहीणबाईंबद्दल सांगायला हवं. शलाकाच्या आई, मथुराबाई. आम्ही पागेतले. म्हणजे यांचे पणजोबा सरकारच्या पागेत घोडेस्वार. मथुराबाईंकडचे पायदळातले. हे मी कधी बोलून दाखवत नाही, घोड्याचा विषय निघालाच तर निघतो. त्यांच्याकडे कडक रीत, मुलीच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. ही रीत आमच्यातही होती, पण नातवंड झालं की सुटायची. ईशानीच्या बारशाला मी मुद्दाम मथुराबाईंसाठी चांदीचं ताट काढलं. तर म्हणाल्या, "आमच्यात जन्मभर पाळतात." आणि पर्समधून पाण्याची बाटली काढून घोटभर प्यायल्या. माझ्या घरात, माझ्या माठासमोर. लोक म्हणतात, रीत आहे. मी म्हणते, पायदळ.

असो. लग्न जमलं तेव्हा बैठक झाली होती, दोन्हीकडची वडील माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. आता टेबलाशी बसून मोडायचं म्हणजे तशीच बैठक हवी, हे कोणीही सांगेल. मी स्वतः मथुराबाईंना फोन केला. वर्षभराने केला. म्हटलं, आमच्याकडून अमके येतील, तुमच्याकडून कोण? त्यांनी एका शब्दाने आढेवेढे घेतले नाहीत. त्यांनाही तसंच वाटत होतं. आमचं दोघींचं एकमत झालं ते हे पहिलंच.

त्या दिवशी आम्ही दोन गाड्यांनी गेलो. धनाजीरावांनी फेटा बांधला होता. माझ्याकडे लीला चेवडा, म्हणजे इथला बटाट्याचा ओला चिवडा, पेढे, पानसुपारी, हळदीकुंकवाची कुयरी. पेढे कशाला, असं यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, बैठकीला रिकाम्या हाताने जात नाहीत, विषय काही असो. तिकडून मथुराबाई त्यांच्या भावाला, विक्रमसिंहांना घेऊन आल्या होत्या, मिशा अशा की लिफ्टच्या दारात आधी त्या. शिवाय त्यांच्या तीन जावा. लिफ्ट चार माणसांची. बाकीचे जिन्याने, पदर सावरत. खालच्या दुकानदाराने विचारलं, कोनां लगन छे? धनाजीराव थांबून त्याला सविस्तर सांगायला लागले, त्यांना दंडाला धरून वर आणावं लागलं.

अवंतीने दार उघडलं आणि तिचा चष्मा नाकावर घसरला. आतल्या खोलीत एक गोल टेबल, चार खुर्च्या. समरजित आणि शलाका आधीच येऊन बसले होते. आम्हाला बघून दोघांनी एकाच वेळी कपाळाला हात लावला. इतकं एका विचाराने वागणारं जोडपं मोडतंय, याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

"काकू," अवंती म्हणाली, "या टेबलाशी फक्त चौघं बसतात."

"खुर्च्या मी आणवते."

"खुर्च्यांचा प्रश्न नाही. लग्न या दोघांचं आहे. बोलायचंही या दोघांनीच."

"यांचं कसं? लग्नात हे दोघं नुसते उभे होते. लग्न आम्ही केलं."

तिने फार गोड हसून दार लावलं. मी पागेतली बाई, पोराचं घर उभं केलं ते मी, वकील शोधला तो मी, आणि दाराबाहेर उभी राहिले तीही मी. दारावर काच होती, पण खरबरीत, आतलं नुसतं हलताना दिसायचं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चेवड्याचं पातेलं उघडलं. दुसरं काय करणार?

बैठक बाहेरच झाली म्हणायची. धनाजीराव आणि विक्रमसिंह आधी एकमेकांकडे डोळे वटारून बसले. मग कोर्टाचा विषय निघाला, तर विक्रमसिंहांचीही एक जुनी केस निघाली. दोघं असे खुलले, की एकमेकांना तारखा सांगत सेवउसळ खायला खाली उतरले ते आलेच नाहीत. जावा चेवडा संपवून बाजाराला गेल्या. हे जिन्याच्या तोंडाशी उभे होते, मोकळी जागा म्हणून. बाकावर राहिलो मी आणि मथुराबाई. मी पेढ्यांचा डबा पुढे केला. त्यांनी नमस्कार केला, पेढ्याला, आणि पर्समधून बाटली काढली.

पहिल्या बैठकीत काय ठरलं? तर लग्नाचा दाखलाच नाही, हे ठरलं. लग्न आम्ही थाटात केलं, पण महानगरपालिकेत नोंद करायचं राहून गेलं होतं. इंद्रनील म्हणाला, पुढे कागद करताना दाखला असलेला बरा. तेव्हा मोडायच्या आधी रीतसर लग्न करणं आलं. वॉर्ड ऑफिसात मी गेले, तर पहिल्या दिवशी साहेब नाहीत, दुसऱ्या दिवशी कंकोत्री, म्हणजे लग्नपत्रिका हवी. कंकोत्री नेली, तर त्यात नवऱ्या मुलाचं नाव चिरंजीव समरजित आणि आधार कार्डावर स्पेलिंग भलतंच. ते दुरुस्त केलं, तर लग्न लावलेल्या गुरुजींची सही पाहिजे. गुरुजींना अकोट्याहून रिक्षात घालून आणलं. त्यांना काही सांगितलं नव्हतं. ते बिचारे नवराबायकोला एकत्र बघून हरखले, सही करताना डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, नांदा सौख्यभरे.

कारकून म्हणाला, फोटोसाठी जरा जवळ उभे राहा. दोघं पाऊलभर सरकले. हजी नजीक, हजी नजीक, करत त्याने त्यांना खांद्याला खांदा लावून उभं केलं आणि सगळ्यांदेखत अभिनंदन करून पेढे मागितले. तेव्हा समरजित हसला. शलाकाही हसली. दोघं भिंतीला टेकून हसत राहिले, कारकुनाला वाटलं नवीन लग्नाचा आनंद. साक्षीदार म्हणून मी सही केली. माझी सही सुरेख आहे, वळणदार, शेवटी एक झोका. आणि मनात म्हटलं, देवा, हे हसणं टिकलं तर प्रज्ञाबेनना मी स्वतः सेवउसळ नेऊन देईन.

खाली उतरलो. दोन स्कूटर दोन दिशांना गेल्या. मी फूटपाथवर थोडा वेळ उभी राहिले. हे म्हणाले, चल. मी म्हटलं, चला. आशा धरायची तेवढी धरून झाली होती. आता मोडायचंच तर नीट मोडू, तेही काम कोणीतरी करायला हवं.

पुढच्या बैठका भराभर झाल्या. त्या दोघांनी आत बसून शनिवार-रविवार वाटले, मे महिन्याची सुट्टी वाटली, नवरात्रात कुठल्या रात्री कोणाच्या गरब्याला हेही वाटलं. उत्तरायणावर अडेल असं मला वाटलं होतं, कारण वासी, म्हणजे दुसऱ्या दिवशीचं शिळं उत्तरायण कोणाला हवं असतं, पतंग उडवायचे तर पहिल्याच दिवशी. पण तेही एकेका वर्षाने आलटून पालटून करायचं, असं चहा संपायच्या आत मिटलं. सोफा मात्र शलाकाने घेतला नाही. ती पहिल्यापासून हुशार.

आणि मग सगळं अडलं ते ईशानीच्या दुपारवर.

मथुराबाईंनी शलाकाला सांगितलं, पोरीला मांडवीच्या शाळेत घाल, दुपारी ती माझ्याकडे राहील. मला हे कळल्यावर मी समरजितला सांगितलं, शाळा बदलायची नाही, आणि दुपारचं जेवण आजीकडे हे शिक्क्यानिशी लिहून घे, नाहीतर घरी येऊ नकोस. आत आवाज चढले. वर्षभर "ओके, थँक्यू" करणारी माणसं, त्यांचे हात पहिल्यांदा खरबरीत काचेतून उडताना दिसले. हे जिन्याने सरळ खाली गेले. इंद्रनील बोलत होता ते मला स्पष्ट ऐकू आलं, की असंच असेल तर आम्ही दोघं कागद मिटतो, तुम्हाला कोर्टाचा रस्ता मोकळा आहे. धनाजीरावांचा वकील माझ्या डोळ्यांसमोर आला. त्याच्या मागे साहेब, आणि साहेबासमोर उभी ईशानी.

तेवढ्यात अवंतीने दार उघडलं. "काकू, मावशी, दोघी आत या."

मी पदर नीट केला. इतक्या दिवसांनी यांना वडील माणसांची आठवण झाली होती. आम्ही आत गेलो, आम्हाला खुर्च्या दिल्या. आणि ती कालची पोरगी मला म्हणते, "काकू, या दोघांचं भांडण मिटलेलं आहे. उरलंय ते तुम्हा दोघींचं."

मी म्हटलं, म्हणजे भांडायला मी चालते, सही करायला चालत नाही?

"ईशानी दुपारी हवी, हे आम्हाला कळलं," ती म्हणाली. "ते पुन्हा सांगू नका. का हवी, ते सांगा. एक बोलेल, दुसरी ऐकेल."

मला आधी बोलायला सांगितलं. मी सांगितलं, बरंच. आमच्याकडचं ताजं अन्न, मांडवीच्या गल्लीतली गर्दी, माझा हिंचका, घोड्याचंही थोडं आलं. झाल्यावर कळलं की "का" ते त्यात कुठेच आलं नाही. शलाका टेबलाकडे बघत होती.

मग मथुराबाई. त्या इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं. "हे गेल्यापासून मी दुपारी ताट वाढून घेत नाही," त्या म्हणाल्या. "ओट्याशी उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकते. एकटीसाठी बसून काय जेवायचं? शलाका संध्याकाळी येते. पोरगी दुपारी असली, तर तिच्या निमित्ताने माझंही पान वाढलं जाईल."

पागेत काय आणि पायदळात काय, उभ्याने जेवणारी बाई मला बघवत नाही. आणि माझं "का" सुद्धा तेच होतं, कारण आमचे हे जेवताना अर्ध्या वेळा जिन्यात असतात.

"मग माझ्याकडे या ना," मी म्हटलं. "शाळा राहू दे तिथेच. तुम्ही रोज मांजलपूरला या. तिघी जेवू."

मथुराबाईंनी मान हलवली. "ते कसं चालेल, विहीणबाई? मुलीचं सासर आहे ते. आमच्यात—"

"सासर?" मी म्हटलं. "मग आपण इथे बसून काय करतोय? हे चौघं इतके दिवस तेच तर संपवताहेत. काडीमोड झाला की माझं घर तुमच्या मुलीचं सासर राहत नाही. नुसतं घर राहतं. मग तुमची रीत कुठे आडवी येते?"

इंद्रनीलच्या हातातलं पेन थांबलं. समरजितने शलाकाकडे बघितलं. मथुराबाईंनी भिंतीकडे बघून बराच विचार केला, मनातल्या मनात सगळ्या पूर्वजांना विचारत असाव्यात.

"कागद हातात आल्यावर," त्या म्हणाल्या. "त्याआधी नाही."

"आई," शलाका मला म्हणाली, "दुपारचं मी लिहून देते. ईशानी तुमच्याकडे, आणि आईसुद्धा." मोडत असलेली सून, पण आई म्हणायची सवय मोडली नव्हती. मीही दुरुस्त केली नाही.

तर हे असं मिटलं, आणि मी समजले संपलं. तेव्हा अवंतीने शांतपणे सांगितलं, की आता हे सगळं घेऊन कोर्टात जायचं. मी उभीच राहिले. म्हटलं, माझ्याशी दगा? ती म्हणाली, "काकू, भांडायला नाही, सांगायला. लग्न मोडल्याचा हुकूम कोर्टच देतं. ईशानीला यावं लागणार नाही, कोणी तिला काही विचारणार नाही. फक्त अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं, दोघांनी पुन्हा विचार करावा म्हणून."

सहा महिने. दोन माणसांनी विचार करायचा म्हणून तिसरीने ओट्याशी उभं राहून जेवायचं? मी विचारलं, साहेबांना सांगता येणार नाही का, की यांचा विचार झालाय, पाहिजे तर मी लिहून देते, सही चांगली आहे. नाही म्हणाली.

म्हणून त्या सहा महिन्यांत मथुराबाई माझ्याकडे स्वतःचा डबा घेऊन यायला लागल्या. डबा त्यांचा, ताट त्यांचं, पाणी त्यांचं, नुसती खुर्ची माझी. मी समोर बसून लसणाची खमंग फोडणी दिलेली आमटी वाढून घ्यायची, आणि त्यांनी आपली वांग्याची भाजी. वास त्यांच्याकडे जावा म्हणून मी पंखा कुठल्या बाजूला ठेवत होते, ते मी सांगत नाही. ईशानी दोन्ही ताटांतलं खायची, तिला रीत नव्हती. आणि ज्या बाईने जन्मात कोर्टाचं नाव घेतलं नाही, ती मी, दर आठवड्याला अवंतीला फोन करून विचारायचे, तारीख लागली का? विश्वासराव म्हणाले, वहिनी, इतकी घाई तर पक्षकारांनाही नसते. त्यांना काय कळणार, ते डब्यासमोर बसत नव्हते.

तारीख लागली. कोर्टाच्या पायऱ्या मी चढले, खोटं कशाला सांगू. सोबत धनाजीराव होते, वाट दाखवायला; तिथले सगळे पट्टेवाले त्यांना नावाने ओळखत होते. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी कागद वाचले, दोघांना दोन प्रश्न विचारले. दुपारच्या जेवणाच्या कलमाशी आल्या, तेव्हा चष्म्यावरून एकदा बाकावर बसलेल्या आम्हा दोघींकडे बघितलं. मी ताठ बसले. हुकूम झाला.

बाहेर आल्यावर समरजित आणि शलाका जरा वेळ समोरासमोर उभे राहिले. मग तो म्हणाला, "नीट जा." ती म्हणाली, "तूही." एवढंच. मी तोंड फिरवून मथुराबाईंना म्हटलं, चला, कुकर लावूनच आलेय.

"आज संकष्टी आहे, विहीणबाई," त्या म्हणाल्या.

सहा महिने थांबलेली मी. हुकूम मिळाला, तर चतुर्थी. त्या दिवशी माझ्या तोंडून काय निघालं ते देवाने ऐकलं असेल, पण त्याच्याच दिवसाचा प्रश्न होता म्हणून त्याने गप्प बसणंच पसंत केलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. हातात डबा नव्हता, बाटलीही नव्हती. मी चांदीचं ताट काढलं, तेच, बारशाचं. भात, आमटी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, चार पुऱ्या. यांना सांगून ठेवलं होतं, आज कुठेही उठून जायचं नाही. ईशानी तिच्या जागी बसली. मी माठातलं पाणी तांब्यात भरून मथुराबाईंच्या ताटाजवळ ठेवलं. त्यांनी आधी ते उचललं आणि घोटभर प्यायल्या. मी दुसरीकडे बघत होते.

मग आमटीभाताचा पहिला घास. त्यांनी सावकाश चावला, गिळला.

"मीठ कमी आहे," म्हणाल्या.

हे खुर्चीतून अर्धे उठले. माझ्या घरात आजवर कोणी असं बोललं नव्हतं, समरजितचा बापही नाही. मी यांच्याकडे नुसतं बघितलं. हे खाली बसले.

मग मी उठले, मिठाची वाटी आणली, आणि विहीणबाईंच्या ताटात चिमूटभर वाढलं. म्हटलं, "उद्या लवकर या. आमटी तुमच्यासमोर करते."